गाडी विकली, नाव राहिलं

दारव्हा तालुक्यातून एका सुनेचं पत्र आलं आहे. नावगाव गाळून थोडक्यात देते.

"ताई, घरी सात एकर कोरडवाहू वावर आणि एक बैलजोडी आहे. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, २०१८ साली पोळ्याच्या आधी त्यांची जुनी मोटरसायकल शेजारच्या गावातल्या एका माणसाला सतरा हजारांत विकली. शंभराच्या स्टॅम्पवर लिहून दिलं, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. आरसी बुकावर नाव मात्र मामाजींचंच राहिलं. २०२१ च्या नोव्हेंबरात त्या माणसाच्या पुतण्यानं त्याच गाडीनं एका सायकलवाल्याला धडक दिली. तो जागीच गेला. चौतीस वर्षांचा मजूर. मागे बायको, दोन लेकरं आणि म्हातारी आई. गाडीचा विमा संपलेला होता म्हणतात. पुढच्या फेब्रुवारीत केस लागली. कोर्टाचं पाकीट घरी आलं. मामाजींनी सही करून घेतलं आणि पेटीत टाकून दिलं. 'गाडी विकून टाकली, मले काय करा लागते?' असं म्हणाले. जानेवारी २०२५ मध्ये यवतमाळहून निकाल लागला: १८,२१,८०० रुपये आणि ७ टक्के व्याज, मामाजींनी आणि त्या पोरानं मिळून द्यायचे. आता तलाठी घरी येऊन गेला. चुलतसासरे म्हणतात, वावर ताबडतोब माझ्या नावावर करून टाका. हा कुठला न्याय, ताई? वावर जाईल का? मामाजींना जेलात टाकतील का? आणि एक सांगते. ती बाई आठवडी बाजारात दिसते. ती समोर आली की मी नजर चुकवते."

ताई, चुलतसासऱ्यांचं ऐकू नका. बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल, पण वावर तुमच्या नावावर करायला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाणार असाल तर आजच थांबा. ज्याचं देणं लागतं त्याला चुकवण्यासाठी केलेलं बक्षीसपत्र किंवा खरेदीखत मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ खाली रद्द करून घेता येतं. म्हणजे वावर वाचणार नाही, वर स्टॅम्प ड्युटी आणि वकिलाचा खर्च अंगावर पडेल. त्याहून वाईट गोष्ट पुढे आहे. तुम्ही विचारलंत, मामाजींना जेलात टाकतील का? पैसे नाहीत एवढ्यावरून दिवाणी तुरुंगात टाकता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९८० साली जॉली जॉर्ज व्हर्गीसच्या प्रकरणात हे स्पष्ट सांगितलं आहे. गरिबी हा गुन्हा नाही, ऐपत असून बदमाशीनं टाळाटाळ केली तरच अटकेचा विचार. पण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५१ मध्ये त्या बदमाशीची जी उदाहरणं दिली आहेत, त्यात केस लागल्यानंतर मालमत्ता अप्रामाणिकपणे दुसऱ्याच्या नावावर करणं हे आहे. आज मामाजी एक अडलेला शेतकरी आहेत. ते बक्षीसपत्र झालं की ते कोर्टाच्या नजरेत लबाड ठरतील. ज्या गोष्टीची तुम्हाला सगळ्यात जास्त भीती वाटते, तिचा रस्ता चुलतसासरे स्वतःच मोकळा करून देत आहेत.

आता न्यायाचं. तुमचा राग मला कळतो. मामाजी त्या दिवशी रस्त्यावर नव्हते, गाडी त्यांच्या ताब्यात नव्हती, तीन वर्षांपूर्वीच पैसे घेऊन मोकळे झाले होते. तरी १८ लाख त्यांच्या डोक्यावर.

मोटार वाहन कायद्याचं कलम २(३०) सांगतं की मालक म्हणजे ज्याच्या नावावर गाडीची नोंदणी आहे तो. २०१८ च्या फेब्रुवारीत, तुमची गाडी विकायच्या काही महिने आधी, सर्वोच्च न्यायालयानं नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या प्रकरणात अशाच गोष्टीचा निकाल दिला. तिथं एक कार २००७ साली विकली गेली, मग पुढे दुसऱ्याला, तिसऱ्याला. कागदावर नाव पहिल्याचंच. २००९ साली ती कार मागे घेताना एक मुलगा चिरडून मेला. उच्च न्यायालय म्हणालं, ज्याच्याकडे गाडी होती त्यानं द्यावं. सर्वोच्च न्यायालयानं ते फिरवलं आणि ज्याचं नाव नोंदणीत आहे त्याच्यावर जबाबदारी टाकली. कारण त्यांनी सांगितलं ते असं की ज्याचं माणूस गेलं त्यानं गाडी कोणी कोणाला विकली याचा माग काढत फिरू नये.

हे कारण नीट मनात घ्या. त्या सायकलवाल्याच्या बायकोकडे त्या रात्री काय होतं? एक नंबर. एमएच २९ आणि पुढची अक्षरं-आकडे, पोलिसांनी पंचनाम्यात लिहिलेले. तो नंबर ज्या नावाकडे गेला ते नाव तुमच्या मामाजींचं होतं. तुमचा शंभराचा स्टॅम्प कुठल्या पेटीत आहे हे तिला कळणार कसं? आणि स्टॅम्पवर विक्री मानायची ठरवली तर अपघात झाल्यावर मागच्या तारखेचा स्टॅम्प करून देणारे, सही करणारे, पुढच्या भणंगाच्या नावावर गाडी दाखवणारे किती निघतील? नोंदवही ही एकच गोष्ट अशी आहे जी कोणाला अपघातानंतर बदलता येत नाही. म्हणून कायदा तिलाच धरून बसतो. तुमच्या घरावर त्याचा भार पडला हे खरं. मला त्याचं वाईट वाटतं. पण हा नियम चुकीचा आहे असं मी तुम्हाला सांगणार नाही.

तुम्ही लिहिलेला आकडा मी मांडून पाहिला, कारण गावात नेहमी असं बोललं जातं की कोर्ट मनाला येईल तो आकडा टाकतं. तसं नाही. महिना आठ हजार मजुरी धरली. वय चाळीसच्या आत आणि कामधंदा स्वतःचा किंवा मजुरीचा, म्हणून पुढच्या वाढीसाठी त्यात ४० टक्के: ११,२००. घरात अवलंबून चार माणसं, म्हणून त्याचा स्वतःचा खर्च चौथा हिस्सा वजा: ८,४००. वर्षाचे १,००,८००. चौतीसाव्या वर्षासाठी, वयानुसार ठरलेला गुणक १६: १६,१२,८००. मग बायको, दोन लेकरं आणि आई या प्रत्येकाला माणूस गमावल्याबद्दल ४४ हजार, आणि अंत्यविधी व इस्टेटीच्या नुकसानीसाठी साडेसोळा-साडेसोळा हजार. बेरीज १८,२१,८००. तंतोतंत. हे गुणक २००९ च्या सरला वर्मा निकालातले, आणि वाढीचा नियम २०१७ च्या प्रणय सेठी निकालातला. म्हणजे कोर्टानं दिवसाला पावणेतीनशेच्या आसपास मजुरी धरली. सोयाबीन सोंगायला मजूर लावता तेव्हा तुम्ही काय देता ते तुम्हाला माहीत आहे. हा आकडा फुगवलेला नाही, ताई. आणि वर्षाला त्यावर व्याज १,२७,५२६ रुपये, महिन्याला साडेदहा हजारांच्या वर. याचिका दाखल झाल्याच्या फेब्रुवारी २०२२ पासून मोजलं तर चार वर्षांचं नुसतं व्याजच ५ लाख १० हजार होतं. त्या पाकिटाला पेटीत घालून ठेवल्याची किंमत ही.

आता करायचं काय ते सांगते.

सगळ्यात आधी विम्याची खात्री करा. तुम्ही "संपलेला होता म्हणतात" असं लिहिलंय. कोण म्हणतं? विकत घेणाऱ्यानं मधे कधी नूतनीकरण केलेलं असू शकतं. पेट्रोल पंपाजवळच्या टपरीवर पॉलिसी काढून डिकीत ठेवणारे पुष्कळ असतात. गाडीच्या नंबरावरून परिवहनच्या ॲपवर पाहा, आरटीओतून उतारा काढा, पोलिसांच्या दोषारोपपत्राची नक्कल घ्या. अपघाताच्या तारखेला विमा चालू होता असं निघालं तर सगळा खेळ बदलतो. गाडी विकली आणि कंपनीला कळवलं नाही म्हणून कंपनीला मेलेल्याच्या घरच्यांसमोर हात वर करता येत नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ मुळे ती पॉलिसी गाडीबरोबर गेली असं धरतात. हे आठ दिवसांत तपासा. विमा खरोखरच नसेल तर तो विषय सोडून द्या.

दुसरं, अपील. नागपूर खंडपीठात ९० दिवसांत करायचं असतं, ती मुदत गेली. उशीर माफ करून घेता येतो, पण त्याला सबळ कारण लागतं आणि "आम्हाला वाटलं आमचा संबंध नाही" हे कारण होत नाही. अपिलासाठी २५ हजार किंवा निकालाच्या रकमेच्या निम्मे, यातली कमी रक्कम भरावी लागते. तुमच्या बाबतीत २५ हजार. पण तेवढ्यानं वसुली थांबत नाही. स्थगिती मागितली तर उच्च न्यायालय बहुतेकदा मोठी रक्कम भरायला लावतं. एकतर्फी निकाल रद्द करून केस पुन्हा उघडायचा अर्जही असतो. पण नोटीस मिळालीच नव्हती असं म्हणायला जागा नाही, पोचपावतीवर मामाजींची सही आहे. आणि पुन्हा उघडली तरी मालक कोण या मुद्द्यावर तुम्ही हरणार. कोणी वकील "मी निकाल उडवून देतो" म्हणून आधी पन्नास हजार मागत असेल तर उठून या.

मग वावर. अशा निकालाची वसुली मोटार वाहन कायद्याच्या कलम १७४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे दाखला जाऊन जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी होते, म्हणूनच तुमच्याकडे बेलीफ न येता तलाठी आला. वावराला सरसकट संरक्षण नाही, हे मी लपवत नाही. पण दोन गोष्टी बघायच्या आहेत.

एक म्हणजे हे सात एकर मामाजींनी स्वतः घेतलेले की वडिलोपार्जित? सातबाऱ्यावर एकट्याचं नाव आहे यावरून ठरत नाही. जुने फेरफार आणि जुने सातबारे तहसीलमधून काढा. ती एकत्र कुटुंबाची वडिलोपार्जित जमीन असेल तर तुमच्या नवऱ्याचा आणि नणंदांचाही जन्मतः हिस्सा आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर, बाप म्हणून त्याचं कर्ज मुलानं फेडलंच पाहिजे या जुन्या धर्मबंधनावर मुलाच्या हिश्श्याला हात घालता येत नाही. फक्त मामाजींच्या हिश्श्यापुरती वसुली. हे लपवाछपवी नव्हे, हा तुमचा आधीपासूनचा हक्क आहे. तो तहसीलदारांकडे लेखी हरकत घेऊन, कागद जोडून मांडायचा. दुसरी गोष्ट, शेतकऱ्याचं राहतं घर, शेतीची अवजारं, पोटापाण्याला लागतील तेवढे बैल आणि बियाणं यांना दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० जप्तीपासून वाचवतं. तोही मुद्दा त्याच अर्जात लिहा. तोंडी सांगून तलाठ्याच्या भरवशावर राहू नका, पोच घ्या.

आता गाडी विकत घेणारा. त्याला सोडू नका. बाई तुमच्याकडून वसूल करू शकते, पण तुम्ही भरलेलं त्याच्याकडून मागायला दिवाणी दावा करू शकता. यासाठी तो शंभराचा स्टॅम्प कामाचा. निदान आता तरी तो पेटीतून काढा, दोन नकला करा, साक्षीदार जिवंत आहेत का बघा. आणखी एक कागद शोधा: अपघातानंतर पोलिसांनी गाडी जप्त केली असणार. ती सोडवून सुपुर्दनाम्यावर, म्हणजे गाडी ताब्यात घेतल्याचं लिहून देऊन, कोणी नेली? त्या माणसानं नेली असेल तर "गाडी माझी आहे" असं त्यानं कोर्टात लिहून दिलेलं असू शकतं. असा एक कागद दहा साक्षीदारांच्या बरोबरीचा. हा दावा ठरावीक मुदतीतच करावा लागतो, म्हणून वकिलाला पहिल्या भेटीतच विचारा. आणि त्या माणसाला आत्ताच, वकिलाची नोटीस पाठवण्याआधी एकदा, चार माणसांसमोर बसवा. पुतण्या त्याचा, गाडी त्याची. तडजोडीत त्यानं वाटा उचलला पाहिजे. पुतण्यावरही निकाल आहेच. "मिळून" याचा अर्थ दोघांत अर्धे-अर्धे असा मात्र नाही. बाई सगळी रक्कम एकाकडूनही मागू शकते, आणि ज्याच्याकडे सात एकर दिसतात त्याच्याकडेच ती येणार.

माझं मत विचाराल तर तुमचा खरा रस्ता तडजोडीचा आहे. निकाल झाल्यावरही, वसुलीच्या टप्प्यावरही, प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं. राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून चारदा भरते. हप्ते पाडून घ्यायचे तर तिची संमती लागते. व्याजात सूट द्यायची की नाही हेही तिनं ठरवायचं. दोन लेकरं अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांच्या आतली, असतील तर त्यांच्या हिश्श्याची तडजोड आई एकटी करू शकत नाही, कोर्टाची परवानगी लागते, आणि ते बरोबरच आहे. तुम्ही काय देऊ शकता ते खरं मांडा: या हंगामात कापसाचे किती येतील, दोन एकर विकले तर काय भाव मिळेल, विकत घेणारा किती टाकेल. तुम्ही राजीखुशीनं, गिऱ्हाईक बघून विकलेले दोन एकर आणि तहसीलदारानं लिलावात विकलेले दोन एकर यांच्या भावात केवढा फरक पडतो हे गावात कोणालाही विचारा.

एक गोष्ट मात्र कटाक्षानं पाळा. एक रुपयाही तिच्या हातात नगदी देऊ नका, तिच्या भावाच्या किंवा दिराच्या हातात तर मुळीच नाही. पैसे न्यायाधिकरणात, म्हणजे ज्या कोर्टानं निकाल दिला तिथंच, भरायचे आणि पावती घ्यायची. बाहेर दिलेली आणि कोर्टात नोंद न झालेली रक्कम वसुली करणारं कोर्ट हिशेबात धरत नाही. मी माझ्या वकिलीत एका म्हाताऱ्याला दोनदा पैसे भरताना पाहिलं आहे. पहिले त्यानं मयताच्या भावाला दिले होते, आणि त्यातले विधवेपर्यंत काहीच पोचले नव्हते.

वकिलाची फी झेपत नसेल तर दारव्ह्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती आहे. मामाजी उत्पन्नाच्या मर्यादेत किंवा अनुसूचित जाती-जमातीत बसत असतील तर वकील फुकट मिळेल. उत्पन्नाचा दाखला सोबत न्या. १५१०० या नंबरावर फोन करूनही विचारता येतं.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी दोनच गोष्टी, कारण गावोगावी अशा गाड्या फिरताहेत. गाडी विकली की विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, फॉर्म २९ भरून. हे काम विकत घेणाऱ्यावर सोडायचं नाही, आणि महिन्याभरानं नंबर टाकून नाव बदललं का ते स्वतः बघायचं. आणि नाव बदलेपर्यंत वर्षाला सातशे-आठशे रुपयांचा थर्ड पार्टी विमा चालू ठेवायचा. मामाजींच्या गाडीला तेवढा विमा असता तर हे पत्र तुम्हाला लिहावं लागलं नसतं, आणि त्या बाईला चार वर्षं थांबावं लागलं नसतं.

मामाजी जेवत नाहीत, असं तुम्ही पत्राच्या कोपऱ्यात लिहिलंय. त्यांना दोष देत बसू नका, आणि "काही होत नाही" असं खोटंही सांगू नका. विदर्भातल्या शेतकऱ्याच्या घरात नोटीस आली आणि म्हातारा गप्प झाला, ही गोष्ट मी हलकी घेत नाही. त्यांना एकटं वावरात पाठवू नका. त्यांना सांगा की पैसे नाहीत एवढ्यावरून तुरुंग नाही, घर जाणार नाही, बैलासाठी अर्ज द्यायचा आहे, आणि त्यावर सही त्यांचीच लागणार आहे. त्यांना काम द्या. जुने फेरफार कुठे आहेत हे घरात त्यांनाच माहीत असेल.

आणि बाजारातली ती बाई. पैशाचं तिच्याशी बाजारात बोलू नका, तिला "थोडं समजून घ्या" असंही म्हणू नका. ते दडपण वाटेल, आणि तिच्या वकिलानं तसं म्हटलं तर तुमचंच नुकसान. पण नजर चुकवायचं कारण नाही. तुम्ही तिचं काही घेतलेलं नाही. ती भाजीच्या पालाजवळ भेटली तर लेकरं कितवीत आहेत एवढं विचारा. ती बोलली तर बोला. तोंड फिरवून गेली तर जाऊ द्या, तो तिचा हक्क आहे. पुढच्या बाजारी पुन्हा विचारा.

सोमवारी दारव्ह्याला जाताना ते कोर्टाचं पाकीट सोबत घ्या, आतल्या कागदासकट. पाकीट फेकू नका, त्यावरचा टपालाचा शिक्का वकील आधी पाहील.